गाठीवरची ओली माती: प्राचीन असिरियात मालावर, दारावर आणि शब्दावर मोहोर कशी लागायची

पोत्याचं तोंड दोरीनं आवळायचं, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि माती ओली असतानाच तिच्यावर मुद्रा उमटवायची. चार हजार वर्षांपूर्वी इराकपासून तुर्कस्तानपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात माल बंद करायची ही रीत होती. वाळलेली माती फोडल्याशिवाय गाठ सुटायची नाही. माती फोडणं तसं अवघड नव्हतं, अंगठ्याचा दाब पुरे. पण फुटलेला गोळा पुन्हा जुळवता येत नाही, आणि नवा थापायचा तर त्यावर तीच मुद्रा आणायची कुठून? विजेच्या मीटरला सील असतं, त्याचंही काम हेच. छेडछाड थांबवणं त्याच्या हातात नसतं. झालेली छेडछाड ते लपू देत नाही.

मुद्रा म्हणजे बहुतेकदा दोनेक सेंटिमीटर उंचीचा दगडी दंडगोल. काळपट, जड हेमॅटाइट हा कारागिरांचा आवडता दगड. मधून आरपार भोक, म्हणजे दोऱ्यात ओवून ती कायम अंगावर बाळगता यावी. चित्र कोरायचं ते उलटं. दंडगोल ओल्या मातीवर फिरवला की सुलटी, सलग पट्टी उमटते: आसनावर बसलेला देव, हाताला धरून त्याच्यापुढे नेला जाणारा भक्त, पाठीवर सुळका असलेला बैल. काही मुद्रांवर नावही असतं, अमक्याचा मुलगा अमका. अशी मुद्रा हरवणं हे संकटच होतं. बाबिलोनियातल्या, म्हणजे दक्षिण इराकमधल्या, निप्पूर शहरातली एक मातीची पाटी सांगते, की एका व्यापाऱ्याची मुद्रा हरवली तेव्हा सभेच्या हुकुमावरून दवंडीवाल्यानं रस्तोरस्ती शिंग फुंकून जाहीर केलं: आता त्याच्यावर कुणाचा कसलाही दावा चालणार नाही.

एवढं सगळं मुद्राच करत असेल, तर काही गोळ्यांवर ठशाच्या जोडीला कीलाकार लिपीत, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या त्या लिपीत, दोन-चार ओळी का लिहिलेल्या आढळतात? मला या सगळ्या विषयात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरातल्या कोठाराच्या दाराला मोहोर लावली, तर ठसा कुणाचा हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तिथे लिहायची गरज नाही. माल जेव्हा दूरदेशी निघतो, मधे अनेक हात लागणार असतात आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याला कधी पाहिलेलंही नसतं, तेव्हा चित्र अपुरं पडतं. मग गोळ्यावर लिहावं लागतं: हे कुणासाठी, आत काय, किती, आणि मोहोर कुणाची.

असा लांबचा व्यापार सर्वांत तपशिलात दिसतो तो कानेशमध्ये. आजच्या तुर्कस्तानात कायसेरी शहराजवळ कुलतेपे नावाची मोठी टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी असिरियन व्यापाऱ्यांची पेठ होती. हे व्यापारी मूळचे तिग्रिस नदीकाठच्या अश्शूर शहराचे, म्हणजे आजच्या इराकमधल्या कलात शेरकातचे. दोन्ही गावांत हजारभर किलोमीटरचं अंतर. गाढवांचा तांडा साधारण सहा आठवड्यांत ते कापायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या पाट्या बाजारात विकायला येऊ लागल्या होत्या, पण त्या नेमक्या कुठून येतात हे अभ्यासकांना ठाऊक नव्हतं. १९२५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाला टेकडीलगतच्या शेतात ती जागा सापडली. १९४८ पासून तहसीन ओझग्युच यांनी पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. आजवर २३ हजारांच्या आसपास पाट्या हाती आल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक इ.स.पू. १९४५ ते १८३५ या सुमाराच्या.

धंदा कथलाचा आणि कापडाचा. कथील पूर्वेकडून अश्शूरला यायचं. कापड काही बाबिलोनियातून यायचं, काही अश्शूरमधल्या व्यापाऱ्यांच्या घरी बायका विणायच्या. पुशु-केन नावाचा बडा व्यापारी कानेशला राहायचा आणि त्याची बायको लमस्सी अश्शूरमध्ये विणकाम सांभाळायची. तिची पत्रं वाचली की हिशेबात नवऱ्यापेक्षा तीच पक्की वाटते. शेकेल हे त्यांचं वजनाचं माप. अश्शूरमध्ये एका शेकेल चांदीला साधारण तेरा-चौदा शेकेल कथील मिळायचं आणि कानेशमध्ये तेवढ्याच चांदीला सहा-सातच. फरक सरळ दुपटीचा. एवढा नफा दिसत असताना वाटेत हात मारायचा मोह कुणालाही होणार.

म्हणून बंदोबस्तही तसाच होता. एका गाढवावर १३० मिना कथील मोहोरबंद चढायचं, दोन बाजूंना ६५-६५ मिनांचे दोन गठ्ठे. मिना म्हणजे साधारण अर्धा किलो, तेव्हा एकूण ६५ किलोंच्या आसपास. त्याशिवाय थोडं कथील सुटं दिलं जायचं, त्याला ते ‘हातचं कथील’ म्हणत. वाटेतले नाके, धर्मशाळा, गाढवांचा चारा, माणसांचं जेवण, सगळं या सुट्या कथलातून भागवायचं. मोहोरबंद गठ्ठ्याला कानेशपर्यंत हात लावायचा नाही. या व्यवस्थेतला शहाणपणा मला फार आवडतो. खर्चाला वेगळं दिलेलं असलं, की ‘वाटेत गरज पडली म्हणून गाठ सोडली’ अशी सबब तांड्याच्या म्होरक्याला उरत नाही.

तांडा कानेशला पोचला की आधी स्थानिक राजाच्या वाड्यावर जायचा. तिथे जकात कापली जायची, कथलाच्या दर ६५ मिनांमागे दोन मिना. गठ्ठा ६५ मिनांचा आणि जकातीचा हिशेबही ६५ वरच, ही जुळणी लक्षात घेण्याजोगी आहे. कापडावर शेकडा पाच, शिवाय उरलेल्यातलं शेकडा दहा विकत घेण्याचा पहिला हक्क वाड्याचा. तिकडे अश्शूरहून एक पत्र निघालेलं असायचंच: अमक्याबरोबर, आमच्या मोहोरेखाली, इतकं कथील आणि इतकी कापडं येताहेत. गठ्ठ्यांवरच्या मोहोरा आणि पत्रातला आकडा समोरासमोर ठेवून तपासणी व्हायची. परतीच्या वाटेनं चांदी-सोनं यायचं, तेही लहान पुडक्यांत, मोहोर लावून. त्या पुडक्यांच्या गाठींवरचे गोळे हेच आपले लिहिलेले गोळे. काहींवर रक्कम आहे, काहींवर ज्याला द्यायचं त्याचं नाव. काही गोळे तर दप्तरांवर लावलेले होते: पेटाऱ्यात कुणाच्या कर्जाच्या पाट्या ठेवल्यात ते बाहेरच लिहून ठेवलेलं, म्हणजे मोहोर न फोडता पेटारा ओळखता यावा.

चोरवाटा होत्याच. वाडा टाळून जाणाऱ्या एका रस्त्याला पत्रांमध्ये ‘अरुंद वाट’ म्हटलं आहे. एका प्रसिद्ध पत्रात तर खुद्द पुशु-केनच अडकलेला दिसतो. एर्राच्या मुलानं त्याच्याकडे चोरटा माल पाठवला, तो पकडला गेला आणि वाड्यानं पुशु-केनला कैदेत टाकलं. पहारा कडक आहे, राणीनं आजूबाजूच्या राज्यांना निरोप पाठवलेत, सगळीकडे टेहळे बसलेत, तेव्हा कृपा करून काही लपवून आणू नका, अशी कळकळीची विनवणी त्यात आहे.

या गोळ्यांची मागची बाजूही वाचता येते, आणि ते शास्त्र तुलनेनं नवं आहे. जुन्या उत्खननांत चित्र असलेली बाजू तेवढी जपली जायची. एन्रिका फियांद्रा या इटालियन संशोधिकेनं मागची बाजू निरखायची सवय पुरातत्त्वज्ञांना लावली. माती ज्यावर थापली त्याचा साचा तिथे आपोआप उमटलेला असतो. दोरीचा पीळ, गोणपाटाचं विणकाम, बुरडी टोपलीच्या काड्या, मडक्याच्या तोंडावर बांधलेल्या कातड्याच्या सुरकुत्या. गोल खुंटी आणि तिच्याभोवती दोरीचे वेढे दिसले की समजायचं, ही मोहोर दाराची होती. दोरी आणि गोणपाट कधीच कुजून गेलेत, पण त्यांचा आकार मातीत शिल्लक आहे. त्यात मातीची रासायनिक तपासणीही जोडता येते. माती तिथलीच निघाली, तर मोहोर तिथेच लागली, म्हणजे ते कोठार किंवा दप्तर त्याच गावचं. माती परमुलखातली निघाली, तर माल मोहोरेसकट बाहेरून आलेला. पुढून माणूस कळतो, मागून वस्तू कळते, मातीवरून गाव कळतं. आणि लिहिलेलं असेल तर व्यवहारही.

हे गोळे भाजलेले नसायचे, नुसते वाळवलेले. फोडले की फेकून द्यायचे. तरीही ते आपल्यापर्यंत पोचले त्याला बहुतेक ठिकाणी आग कारणीभूत आहे. कानेशची ती पेठ इ.स.पू. १८३५ च्या सुमारास जळाली आणि कच्ची माती त्या आगीत भाजून पक्की झाली. त्या लोकांचा संसार ज्या दिवशी राख झाला, त्याच दिवशी त्यांचे हिशेब आपल्यासाठी टिकले, हे वाचताना मन खिन्न होतं.

पाट्यांचंही असंच. कर्जाचा दस्त लिहिला की त्या पाटीभोवती पातळ मातीचा लखोटा चढवायचा. लखोट्यावर आधी ‘अमक्याची मोहोर, तमक्याची मोहोर’ अशी नावं, मग आतला मजकूर पुन्हा, आणि मधल्या मोकळ्या जागांत साक्षीदारांनी आणि ऋणकोनं आपापल्या मुद्रा फिरवायच्या. मोहोर लावायची ती ज्याच्यावर बोजा येतो त्यानं, धनकोनं नव्हे. बायकाही स्वतःच्या मुद्रा वापरायच्या. भांडण झालं तर लखोटा फोडून आतला मजकूर बाहेरच्याशी ताडायचा. कर्ज फिटलं की पाटी ‘मरते’, असा त्यांचा शब्दप्रयोग होता.

कानेशच्या अशाच लखोट्यांवर एक जुनी मुद्रा उमटलेली सापडली. अश्शूर हे नगराचं नाव, तसंच तिथल्या देवाचंही. मुद्रेवरची अक्षरं सांगतात: अश्शूर हाच राजा, सिलुलु हा अश्शूरचा कारभारी, दकिकूचा मुलगा, अश्शूर नगराचा दवंडीवाला. हा सिलुलु अश्शूरचा फार आधीचा शासक. पुढे त्याच नावाच्या एका सामान्य माणसाकडे ती मुद्रा आली आणि नाव जुळतंय म्हणून तो ती खुशाल वापरत राहिला. आपल्या दृष्टीनं त्या शासकाचा हा अमोल पुरावा. एका शब्दात त्या काळची राज्यकल्पना कळते. राजा देव आहे आणि माणूस त्याचा कारभारी.

काही लखोटे अजून कुणी फोडलेलेच नाहीत. फोडले तर बाहेरचे ठसे आणि मजकूर जातो, न फोडावे तर आतलं वाचता येत नाही, अशी पंचाईत होती. हॅम्बुर्ग विद्यापीठ आणि तिथल्याच डेझी या संशोधन केंद्रानं मिळून पाट्यांसाठी क्ष-किरणांचा सीटी स्कॅनर बनवला, जो उचलून संग्रहालयात नेता येतो. २०२४ मध्ये तो पॅरिसच्या लूव्हरमध्ये चालवला गेला. असिरियन पत्रांत कधी मुख्य पाटीबरोबर एक छोटी पुरवणी पाटी त्याच लखोट्यात सारलेली असते. ती आत आहे की नाही, हे आता लखोटा शाबूत ठेवून कळू शकतं.

कानेशहून दूर, तुर्कस्तानातच तुझ सरोवराच्या दक्षिणेला अजेमह्योयुक नावाची टेकडी आहे. तिथल्या सारिकाया राजवाड्यात निमेत ओझग्युच यांना मोहोरांचा मोठा साठा मिळाला, तोही जळितामुळेच वाचलेला. त्यात असिरियाचा राजा पहिला शम्शी-अदाद याच्या मुद्रेचे ठसे आहेत, कार्केमिशचा राजा अप्लाहंदा याचेही आहेत. म्हणजे तिकडून मोहोरबंद माल इथवर आला आणि इथे फोडला गेला. पण या गोळ्यांनी याहून मोठं काम केलं. प्राचीन इराकचा कालक्रम अनेक दशकं पुढे-मागे सरकू शकत होता, कोणता राजा नेमका कधी यावर तज्ज्ञांच्या तीन-चार वेगवेगळ्या गणना आहेत. या राजवाड्याच्या तुळयांची वाढवलयं मोजल्यावर लाकूड इ.स.पू. १७७४ च्या सुमारास तोडलेलं निघालं. ज्या वाड्यात शम्शी-अदादची मोहोर फुटली, त्याचं लाकूड त्या वर्षीचं, तेव्हा राजाला त्यापासून फार लांब नेता येत नाही. दोन बोटांएवढ्या मातीच्या तुकड्यांनी काही गणना मोडीत काढल्या.

आता हजारभर वर्षं पुढे येऊ, निमरूद आणि निनेवे या राजधान्यांतून चाललेल्या असिरियन साम्राज्याच्या काळात. दंडगोलांच्या जोडीला चपटे शिक्के रूढ झाले होते. दरबारची मोहोर ठरलेली: राजा सिंहाची आयाळ धरून त्याच्या अंगात खंजीर खुपसतोय. तिच्यावर नाव नाही, कारण ती एका राजाची नव्हती. इ.स.पू. नवव्या शतकापासून साम्राज्य बुडेपर्यंत अनेक अधिकारी राजाच्या वतीनं तिचीच आवृत्ती वापरत. राणीच्या कारभाराची खूण विंचू. १९८९ मध्ये इराकी पुरातत्त्वज्ञांनी निमरूदला राण्यांच्या कबरी उघडल्या, तेव्हा चौथ्या शल्मनेसरची राणी हमा हिचा सोन्याचा शिक्का मिळाला, त्यावरही विंचू आहेच. ज्याच्याकडे शिक्का नसे, तो मातीत नख रुतवायचा आणि लेखनिक लिहायचा, ‘मोहोरेऐवजी यानं नख उमटवलं.’ बनावट मोहोरेचा संशयही यायचा. एका अधिकाऱ्यानं राजाला कळवलंय, की आलेल्या पत्रावरची मोहोर तुमच्या मोहोरेसारखी दिसत नाही. माझ्याकडच्या तुमच्या मोहोरबंद पत्रांशी मी ती ताडून पाहिली, आता तुम्हीच पाहा.

या काळात आणखी एक बदल झाला. कारभार हळूहळू अरामी भाषेत, कातड्यावर आणि पपायरसवर होऊ लागला. त्या काळच्या शिल्पपटांत दोन लेखनिक शेजारीशेजारी उभे दिसतात, एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी. गुंडाळ्या कुजल्या नाहीतर जळाल्या. उरल्या त्या दोऱ्याभोवती वळलेल्या मातीच्या त्रिकोणी चिठ्ठ्या, बहुतेक धान्याच्या उसनवारीच्या. त्यांच्यावर मोहोर आहे, कर्जाचा थोडक्यात मजकूर आहे, आणि काहींवर अरामी अक्षरंही आहेत. कातडं असं गेलं नसतं, तर या साम्राज्याचा किती मोठा भाग आज आपल्यापुढे उलगडला असता, हा विचार मला नेहमी बेचैन करतो.

एकोणिसाव्या शतकात ऑस्टेन हेन्री लेयार्ड या इंग्रज उत्खननकर्त्याला निनेवेच्या कुयुंजिक टेकडीत अशा गोळ्यांचा ढीगच मिळाला. काहींत दोऱ्याची राख अजून होती, काहींवर दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे. त्यांतल्या एकावर इजिप्तचा राजा शबाका याची मुद्रा आणि तिच्याशेजारी दुसरी, असिरियाकडची. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस दोन मोठ्या दरबारांत काही लिखापढी झाली होती, तिचा कागद गेला, ही जोडमोहोर उरली. निमरूदच्या राजवाड्यातले भव्य दगडी शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत, ते जरूर पाहावेत. पण त्यांत राजाला जे दाखवायचं होतं तेच दिसतं. दरबारात रोज खरं काय चालायचं, ते या फेकलेल्या गोळ्यांत जास्त सापडतं असं माझं मत आहे.

या सगळ्या परंपरेची सर्वांत थोर मोहोर मात्र कुठल्याच माणसाची नव्हती. इ.स.पू. ६७२ मध्ये राजा एसरहद्दोननं आपल्यामागे आपला मुलगा अश्शुरबनिपालच गादीवर बसेल अशी शपथ सगळ्या मांडलिकांकडून घेवविली. ती ज्या मोठ्या पाट्यांवर लिहिली, त्यांवर राजाची मोहोर नाही. अश्शूर देवाच्या तीन मुद्रा आहेत, तीन वेगवेगळ्या काळांतल्या. सर्वांत जुनीवर लिहिलंय, ‘अश्शूर देवाची, नगरभवनाची’. ही कानेशच्या व्यापाराच्या काळातली, तेव्हाच हजारावर वर्षं जपून ठेवलेली. सर्वांत नवी एसरहद्दोनचा बाप सेन्नाखेरीब यानं करवून घेतलेली ‘दैवाची मुद्रा’. तिच्यावर म्हटलंय, की देवांचा राजा अश्शूर हिच्यानं देवांची आणि माणसांची दैवं मोहोरबंद करतो आणि एकदा मोहोर लावली की तो ती बदलत नाही.

१९५५ मध्ये मॅक्स मॅलोवन यांच्या मोहिमेला निमरूदच्या नबू देवाच्या देवळात या पाट्या सापडल्या, त्या शेकडो तुकड्यांत. त्या ज्यांच्या शपथांच्या होत्या, त्यांत पूर्वेकडच्या मेडियन मुलखातले सरदार होते, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये साम्राज्य बुडवणाऱ्यांत मेडियनच आघाडीवर होते. २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायिनातच्या देवळात आणखी एक प्रत मिळाली. तिच्यात आरपार भोक आहे, म्हणजे ती उभी बसवता यावी आणि दोन्ही बाजू दिसाव्यात. शपथेच्या मजकुरातच तशी आज्ञा आहे: अश्शूरच्या मुद्रेनं मोहोरबंद केलेली ही पाटी तुमच्यासमोर उभी राहील, तिला आपल्या देवासारखी जपा. कथलाच्या गठ्ठ्यावरची मोहोर आतलं झाकून ठेवायला लागायची. ही मोहोर देवळात सगळ्यांना दिसावी म्हणून उभी केलेली होती.